जुन्यातलं ऐकणं, नव्यातली शर्यत आणि मुलांचा आनंद



आमच्या नरडाण्याकडे पालकसभा असली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "मॅडम, आजकालची पोरं ऐकत नाहीत हो." दुसरं, "काही करा मॅडम, पण आमचा पोऱ्या मागं पडायला नको." गंमत म्हणजे ही दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा एकाच पालकाच्या तोंडून येतात. पहिल्या वाक्यात त्यांना जुने संस्कार हवे असतात, दुसऱ्यात नवं जग. मूल आनंदी आहे का, हे मात्र कुणी विचारत नाही. आपण विचारलं तर उत्तर तयार असतं, "त्याच्या सुखासाठीच तर चाललंय सगळं!"

म्हणून आज या सुखाबद्दलच थोडं बोलू या. जुनी मूल्यं चांगली की नवी, या विषयावर आपण शाळेत निबंध लिहिले, वक्तृत्व स्पर्धा घेतल्या. पण कोणत्या मूल्यांमुळे मूल आनंदी राहतं, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपण जुन्या मूल्यांमधून फक्त 'ऐकणं' उचललं आणि नव्या मूल्यांमधून फक्त 'शर्यत' उचलली. जुन्यात असलेली माणसं आणि नव्यात असलेला बोलण्याचा हक्क, या दोन चांगल्या गोष्टी मागं राहिल्या. आपली मुलं कोमेजतात ती या निवडीमुळे.

आमच्या गावातलं जुनं आणि नवं

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नरडाणा हे धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. मुंबई-आग्रा महामार्ग जवळून जातो, सुरत-भुसावळ मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, एमआयडीसी आहे. बोरविहीर-नरडाणा या नव्या लोहमार्गाची चर्चा तर घराघरांत असते. म्हणजे नवं जग आमच्याकडे लांबून बघायची गोष्ट नाही, ते दारावरूनच जातं. आणि त्याच गावात श्रावणात कानबाई बसते, आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. घरात अहिराणी, वर्गात प्रमाण मराठी आणि मोबाइलवर हिंदी, अशा तीन भाषांत माझ्या वर्गातली मुलं दिवसभर ये-जा करतात.

अशा मुलाला 'जुनं की नवं' असं विचारणंच चुकीचं आहे. ते दोन्हीत जगतंय. आपण त्याला या दोन्हींतलं काय देतो, एवढंच आपल्या हातात आहे.

चीनकडे का बघायचं?

हा प्रश्न आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर चीनमधल्या विद्यार्थ्यांसमोर उभा आहे, म्हणून मी त्याबद्दल जमेल तसं वाचत असते. तिथे आई-वडिलांचा मान राखणं, त्यांची सेवा करणं याला 'शियाओ' म्हणतात. कन्फ्यूशियसच्या शिकवणीतलं हे मुख्य मूल्य, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांचं. आजही ते इतकं महत्त्वाचं मानतात की मुलांनी म्हाताऱ्या आई-वडिलांना वरचेवर भेटायला जावं, असं २०१३ मध्ये तिथल्या कायद्यातच आलं. आपल्याला हे वाचून हसू येईल, पण जरा थांबून विचार करा. भेटायला जा, असं कायद्याने सांगावं लागलं, म्हणजे घरांत काहीतरी तुटलं असणार.

परीक्षेची परंपराही तिथे जुनी. सरकारी नोकरीसाठीची राजदरबारी परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालली आणि १९०५ मध्ये बंद झाली. आज तिची जागा 'गाओकाओ' या प्रवेश परीक्षेने घेतली आहे. २०२४ मध्ये त्या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाखांवर मुलांनी नावं नोंदवली होती. त्यात अनेक वर्षं 'एक कुटुंब, एक मूल' हे धोरण होतं. त्याचा परिणाम असा की आई-वडील दोन आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा चार, अशा सहा मोठ्या माणसांच्या आशा एका लेकराच्या पाठीवर. जुन्या मूल्याने सांगितलं, 'मोठ्यांचं ऐक.' नव्या जगाने सांगितलं, 'पहिला ये.' दोन्हींचा भार एकाच दप्तरात.

याचा परिणाम काय झाला? २०१८ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत बीजिंग, शांघाय, जिआंगसू आणि झेजियांग इथली पंधरा वर्षांची मुलं वाचन, गणित आणि विज्ञान या तिन्हींत जगात पहिली आली. त्याच मुलांना आयुष्याबद्दल किती समाधान वाटतं असं विचारलं, तेव्हा मात्र ती चाचणीत भाग घेणाऱ्या विकसित देशांच्या सरासरीच्या खाली होती. गुणांत पहिली आणि समाधानात मागं! पुढे २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारने गृहपाठाचं ओझं कमी करण्याचे आणि शालेय विषयांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या शिकवण्या बंद करण्याचे आदेश काढले. त्याच वर्षी तरुणांमध्ये एक शब्द पसरला, 'तांग पिंग'. म्हणजे 'सपाट आडवं होणं', शर्यतीतून अंग काढून घेणं. शिकवण्या बंद झाल्या असं कागदावर दिसलं, पण ज्यांना परवडत होतं त्यांनी गुपचूप घरी शिक्षक बोलावले. शर्यत मनात होती, ती कायद्याने कशी जाईल?

आपल्याकडेही २०२४ च्या जानेवारीत केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग क्लासने प्रवेश देऊ नये. आता आपापल्या गावात, तालुक्यात नजर टाका आणि तुम्हीच ठरवा काय बदललं ते.

ऐकणं दोन प्रकारचं असतं

यातली मला सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट तैवानमधल्या अभ्यासकांची आहे. कुआंग-हुई येह आणि ओल्विन बेडफोर्ड यांनी २००३ मध्ये मांडलं की आई-वडिलांना मान देण्याचे दोन वेगळे प्रकार असतात. एक मायेतून आलेला: त्यांनी माझ्यासाठी केलं, मला त्यांच्याबद्दल वाटतं, म्हणून मी त्यांचं ऐकतो. दुसरा अधिकारातून आलेला: ते मोठे आहेत, त्यांची सत्ता आहे, म्हणून मला माझी इच्छा दाबायची आहे. बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. दोघंही पाया पडतात, दोघंही उलट बोलत नाहीत. आतून मात्र फार फरक असतो. मायेतून येणारा मान मुलांच्या मनाच्या स्वास्थ्याशी आणि घरातल्या चांगल्या नात्याशी जोडलेला दिसतो. अधिकारातून येणाऱ्या मानाबद्दल तसं सरसकट म्हणता येत नाही.

हे वाचलं आणि मला आमची कानबाई आठवली. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते. रोटासाठी गहू मोजून दळले जातात, पुरण शिजतं, चौरंग सजतो, रात्री जागरण होतं, गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. सुरतेला कामाला गेलेले काका, नाशिक-पुण्याला असलेले चुलतभाऊ, सगळे भाऊबंद त्या दिवशी एका घरात येतात. वर्षभर बांधावरून न बोलणारे दोन भाऊसुद्धा रोटाला एका पंगतीत बसतात. मुलांना त्या दिवशी उपदेश कुणी करत नाही. कुणी पाणी आणतं, कुणी फुलं आणतं, कुणी आंब्याची पानं बांधतं. सगळ्यांना काम असतं आणि सगळ्यांना ओळखणारं कुणीतरी असतं. 'हा अमक्याचा नातू' म्हणून त्याच्या डोक्यावरून हात फिरतो. त्या मुलाला आपण कुणाचे तरी आहोत, हे शिकवावं लागत नाही.

जुन्या मूल्यांमध्ये आनंद देणारी गोष्ट ही आहे. पण पालकसभेत 'संस्कार' हा शब्द येतो तेव्हा यातलं काहीच येत नाही. येतं ते फक्त 'ऐकत नाही'. म्हणजे जुन्या घरातून आपण माणसं आणली नाहीत, फक्त धाक आणला. काका-काकू नाहीत, आजी गावाकडं, बाप दोन पाळ्यांत कामाला आणि मुलाकडून अपेक्षा मात्र एकत्र कुटुंबातल्या शिस्तीची! ज्या मायेच्या बदल्यात ते ऐकणं येत होतं, ती माया द्यायला वेळ नाही आणि ऐकणं तेवढं हवं.

नवी मूल्यंसुद्धा दोन प्रकारची

तसंच नव्याचं. आपल्या राज्यात १९९७ पासून मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आली. परिपाठात आपण ती म्हणतो, भिंतीवर रंगवतो: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. यात जुनं आणि नवं शेजारी शेजारी बसलंय. सौजन्य आणि श्रम आपल्या आजोबांनाही मान्य होते. समानता आणि वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपल्या संविधानातून आलेले. आणि एक गोष्ट नीट बघा, या दहांत 'स्पर्धा' कुठेच नाही. 'पहिला नंबर' हे मूल्य कुणीच लिहिलेलं नाही. तरी आपल्या मुलांना सर्वांत पाठ असलेलं मूल्य तेच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यातलं कलम २९ आपण डी.एड.ला किंवा प्रशिक्षणात ऐकलेलं असतं. मुलाचं शिक्षण भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणाने मांडता यावं, असं तिथे लिहिलंय. म्हणजे 'मोकळेपणाने बोलणं' ही आधुनिक चैन नाही, कायद्याने दिलेली गोष्ट आहे. नव्या जगाकडून घ्यायचं होतं ते हे. आपण घेतली ती सराव परीक्षा, नवोदयचे जादा तास, शिष्यवृत्तीच्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे आणि 'शेजारच्या मुलीला बघ किती मार्क पडले'.

वर्गातली एक साधी गोष्ट बघा. भिंतीवर 'स्त्री-पुरुष समानता' लिहिलेलं असतं आणि त्याच भिंतीखाली झाडू मुलींच्या हातात असतो. मुलं बाके उचलतात, मुली झाडतात. हे कुणी ठरवलेलं नसतं, आपोआप होतं. मुलांच्या ते लक्षात येत नाही असं समजू नका. माझ्या वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, श्रमप्रतिष्ठा फक्त आमची का?" सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने असते.

मग मूल आनंदी कशाने होतं?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या मनाच्या तीन गरजा सांगितल्या आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर: मी कुणाचा तरी आहे, मला हे जमतंय आणि मी हे माझ्या मनाने करतोय. यातली पहिली गरज आपलं जुनं घर छान भागवतं. दुसरी शाळेने भागवायची असते. तिसऱ्या गरजेचं नाव काढलं की आपल्याला भीती वाटते. मुलं 'मनाने' करायला लागली तर संस्कारांचं काय होणार?

याचं उत्तर देणारा एक अभ्यास आहे. चिरकोव्ह, रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार देशांतल्या विद्यार्थ्यांकडे पाहिलं. त्यांना दिसलं की माणूस कुटुंबाची, समूहाची रीत पाळतो की स्वतःच्या मर्जीने वेगळं वागतो, यावर त्याचं मानसिक सुख अवलंबून नव्हतं. जे करतो ते मनापासून पटून करतो की दडपणाखाली करतो, यावर ते अवलंबून होतं. म्हणजे मनापासून परंपरा पाळणारा मुलगा सुखी असू शकतो आणि 'स्वतंत्र' दिसणारा, पण लोक काय म्हणतील या भीतीने धावणारा मुलगा दुःखी असू शकतो.

आता आपल्या आजींच्या भीतीचं उत्तर मिळतं का बघा. मुलाला 'का?' विचारू दिलं म्हणून परंपरा मोडत नाही. पटलेली परंपरा जास्त टिकते. पटली नाही, तर ती तशीही पुण्याला पहिली नोकरी लागली की सुटते.

याचंच एक उदाहरण. काही घरांत कानबाईचा रोट फक्त भाऊबंदांतच खातात, सासरी गेलेल्या लेकीला तो देत नाहीत. आमच्या पाचवीतल्या एका मुलीने घरी विचारलं, "आत्या आपलीच ना? मग ती का नाही खात?" आजी आधी रागावली. मग म्हणाली, "आमना टाइमले कोणी इचारंच नही." आमच्या वेळी कुणी विचारलंच नाही! पुढे त्या घरात काय ठरलं ते मला माहीत नाही आणि ते मी ठरवायचंही नाही. पण ती मुलगी मला सांगत होती, "मॅडम, आजी मग माझ्याशी कितीतरी वेळ बोलली, तिच्या लहानपणीचं." प्रश्न विचारला म्हणून नात तुटली नाही, आजीजवळ सरकली. मूल परंपरेच्या आत उभं राहून प्रश्न विचारतं तेव्हा ते परंपरेचं शत्रू नसतं. उलट त्याला ती आपली वाटते म्हणून तर ते विचारतं.

आपल्या शेजारचेच गुरुजी

हे सगळं परदेशातून आणायची गरज नाही. नरडाण्याहून रेल्वेत बसलं की त्याच मार्गावर पुढे अमळनेर लागतं. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे, मुलांचे कपडे धुऊन ठेवायचे. मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. पुढे १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं.

आज आपण साने गुरुजींचं नाव 'संस्कार' या एकाच शब्दाबरोबर घेतो. पण त्याच गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण केलं. विठ्ठल जुना होता, समतेची मागणी नवी होती. त्यांना दोन्हींत भांडण दिसलं नाही. विठ्ठलावर प्रेम होतं म्हणूनच त्याचं दार सगळ्यांना उघडावं असं त्यांना वाटलं. आणि वर्गात शिस्त आणायची होती तेव्हा त्यांनी मुलांना 'ऐका' म्हणून सांगितलं नाही, आधी स्वतः झाडू हातात घेतला. मायेतून येणारा मान म्हणजे काय, हे त्या छात्रालयातल्या मुलांना कुणी समजावून सांगितलं नसेल, तरी ते त्यांना कळलं असेल.

'मॅडम, बोलायला सोपं आहे'

मला माहीत आहे, पालक हे म्हणतील. आणि त्यांचं चूक नाही. ज्याचं शेत कोरडवाहू आहे, ज्याने सुरतेच्या लूमवर आयुष्य काढलं, त्याला मुलाने शर्यतीत मागं पडू नये असं वाटणारच. नवोदयला नंबर लागला तर मुलाचं आयुष्य बदलतं, हे खरं आहे. मी स्वतः शिष्यवृत्तीचे तास घेते, पुढेही घेणार. अभ्यास नको, परीक्षा नको, असं मी म्हणतच नाही. शर्यत हे गरिबाच्या मुलाला मिळालेलं एकमेव दार असेल, तर ते बंद करा असं सांगणारी मी कोण?

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या दारातून जाताना मुलाने बाकीचं सगळं बाहेर ठेवून यावं, अशी अट आपण घालू नये. जे मूल घरात 'कुणाचं तरी' आहे, ते नापास झालं तरी उभं राहतं. ज्याला वाटतं की माझे मार्क म्हणजेच मी, ते मूल एका निकालाने कोसळतं. कोचिंगच्या शहरांतून येणाऱ्या बातम्या आपण वाचतोच. ती मुलं हुशार नव्हती म्हणून खचली नाहीत. हरल्यावरही घरी परत जायला जागा आहे, असं त्यांना त्या घडीला वाटलं नाही, ही शंका मला पोखरते.

आणि उलट बाजूही सांगायला हवी. 'जुनं ते सोनं' म्हणत सगळं डोक्यावर घ्यायचीही गरज नाही. लहान भावाला सांभाळायला म्हणून मोठ्या बहिणीला शाळेतून घरी ठेवणं, 'पाहुणे बघताहेत' म्हणून आठवी-नववीतल्या मुलीचं दप्तर गुंडाळून ठेवणं, पंगतीत कुणाला वेगळं बसवणं, हेही परंपरेच्याच नावाखाली चालतं. यात माया नाही, फक्त सत्ता आहे. कोणतं जुनं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, याची एक सोपी चाचणी मी वापरते. या रीतीमुळे मूल माणसांच्या जवळ येतं की दूर जातं? जवळ येत असेल तर ती रीत ठेवा. दूर जात असेल तर ती कितीही जुनी असो, तिच्यावर बोला.

आपण काय करू शकतो?

राज्यात २०२४ मध्ये 'आनंददायी शनिवार' आला. दिल्लीत त्याआधी २०१८ मध्ये आनंदाचा वेगळा अभ्यासक्रमच सुरू झाला होता. उपक्रम चांगलेच आहेत. पण शनिवारी आनंद आणि बाकी पाच दिवस धाक, असं झालं तर मुलं शनिवारही ओळखून घेतात. म्हणून रोजच्या छोट्या गोष्टी सांगते. यात खर्च काहीच नाही.

पालकांसाठी:

१. कानबाई, आखाजी, पोळा, गावची यात्रा, या दिवशी मुलाला अभ्यासाला खोलीत बसवू नका. आणि नुसतं मोकळंही सोडू नका. त्याला काम द्या. पाहुण्यांना पाणी देणं असेल, बैलाच्या शिंगांना रंग लावणं असेल, पण ते काम त्याचंच असू द्या.

२. आठवड्यातून एक तरी निर्णय मुलाला घेऊ द्या. रविवारी कोणती भाजी करायची इथपासून सुरुवात झाली तरी चालेल. आणि त्याने ठरवलं की ते खरंच करा.

३. मुलाने 'का?' विचारलं तर 'मोठ्यांशी असं बोलतात का' हे उत्तर देऊ नका. उत्तर माहीत नसेल तर 'आजीला विचारू' म्हणा. फोन लावून द्या.

४. मार्क विचारण्याआधी एक दुसरा प्रश्न विचारा. 'आज कुणाबरोबर डबा खाल्ला?' एवढा पुरे. उत्तरातून तुम्हाला गुणपत्रिकेपेक्षा जास्त कळेल.

शिक्षकांसाठी:

१. परिपाठात मूल्याचं नाव वाचण्यापेक्षा काल ते मूल्य कुठे दिसलं, हे एका मुलाला सांगायला लावा. मुलांना फार बारीक दिसतं.

२. पहिली-दुसरीच्या मुलाला त्याच्या घरच्या बोलीत बोलू द्या. रडत आलेल्या लेकराला "काय व्हयनं रे?" असं विचारलं की ते पटकन सांगतं. 'काय झालं ते नीट मराठीत सांग' म्हटलं की गप्प बसतं. प्रमाण भाषा शिकवायचीच आहे, पण बोलीला हाकलून नाही.

३. वर्गाचे दोन-तीन नियम मुलांनाच ठरवू द्या. त्यांनी ठरवलेला नियम ते स्वतःच एकमेकांकडून पाळून घेतात. पटून पाळणं म्हणजे काय, याचा हा पहिला धडा.

४. वर्गात एकच यादी लावत असाल, तर ती गुणांची नको. कोण कुणाला काय शिकवू शकतं, याची यादी लावा. एखादा गणितात कच्चा असतो, पण त्याला पतंग बांधता येतो, एखादीला झोक्यावरची सगळी गाणी येतात. त्या यादीत कुणी मागं राहत नाही.

यंदाच्या श्रावणात कानबाईच्या रविवारी माझ्या पाचवीच्या वर्गाचा जादा तास नसेल. पालकांना मी तसं आधीच सांगणार आहे. सोमवारी विसर्जन असतं, म्हणून मंगळवारी मुलांनी दोन गोष्टी लिहून आणायच्या आहेत: घरच्या उत्सवात मी कोणतं काम केलं, आणि मोठ्या माणसांना मी कोणता प्रश्न विचारला. ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही त्यांनी आपल्या घरच्या कोणत्याही सणाबद्दल लिहावं, मग तो ईदचा असो, नाताळचा असो की भीमजयंतीचा. त्या वह्यांना मी गुण देणार नाही. फक्त वाचणार आहे, आणि ज्या मुलाच्या वहीत यातली एकही गोष्ट नसेल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन येणार आहे.

तुमच्या गावातही असा एखादा रविवार असेलच. त्या दिवशीचा जादा तास रद्द करून बघा.